कोहा सुरू करताय? आधी शंभर पुस्तकं

ग्रंथालयात कोहा (ग्रंथालयाचं कामकाज सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवलं की पहिल्याच दिवशी सगळं दाखल रजिस्टर, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकासह नोंद असलेली वही, संगणकात चढवायची घाई होते. तसं करू नका. आधी सर्वाधिक देवघेव होणारी शंभरेक पुस्तकं निवडा आणि आठवडाभर तेवढ्यांवरच हात बसवा.

नोंदी करण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवून घ्या: ग्रंथप्रकार, सभासदांचे वर्ग आणि देवघेवीचे नियम. कोणाला किती पुस्तकं, किती दिवस, उशीर झाल्यास दंड किती. लागू होणारा नियमच नसेल तर कोहा पुस्तक देऊ देत नाही, आणि नवा कर्मचारी उगाच बारकोड तपासत बसतो.

मराठी पुस्तकांसाठी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षरं सारखीच ओळखली जाणारी पद्धत. जुनी यादी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असेल तर आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर वाचकाला शोधात काहीच सापडणार नाही. लेखकाचं नाव लिहिण्याची पद्धतही एकच हवी: आडनाव, स्वल्पविराम, मग नाव. एकाने ‘वि. वा.’ आणि दुसऱ्याने ‘वि.वा.’ लिहिलं की यादीत एकाच लेखकाचे दोन लेखक होतात! हा नियम कागदावर लिहून टेबलाशी चिकटवा.

एक्सेलमध्ये यादी करताना दाखल क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा. नाहीतर ००४५१२ चे ४५१२ होतात आणि बारकोड जुळत नाहीत.

जुनं रजिस्टर मात्र जपून ठेवा. शंका आली की तेच उघडायचं.