धूलिकणांचे नमुने घेताना फिल्टरबाबतच्या या चुका टाळा

पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक धूलिकण) मोजणाऱ्या नवख्या तंत्रज्ञाला टेफ्लॉन फिल्टरच्या डबीवर ‘२ मायक्रॉन’ हा छिद्राचा आकार दिसला, की त्याहून बारीक कण पलीकडे निघून जात असणार, असे वाटते. ही समजूत आधी सोडावी. फिल्टर म्हणजे पिठाची चाळणी नव्हे. मोठे कण हवेबरोबर चटकन वळू न शकल्याने आदळून अडकतात आणि अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत जाऊन चिकटतात. सर्वांत कठीण असतात ते या दोहोंमधले, साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे कण. म्हणूनच पीएम २.५ मोजण्याच्या अमेरिकेच्या अधिकृत संदर्भ पद्धतीत ०.३ मायक्रॉनच्या कणांवर चाचणी घेतात आणि ९९.७ टक्क्यांहून अधिक पकड मागतात. मात्र ही पकड हवेच्या वेगानुसार बदलते, त्यामुळे वेगळ्या प्रवाहाच्या यंत्रात तोच फिल्टर डोळे झाकून बसवू नये.

धुळीचा आकडा अनपेक्षितपणे कमी आला, तर फिल्टरला दोष देण्याआधी गळती तपासावी. वापरलेला फिल्टर उजेडात धरून पाहा: करड्या वर्तुळाची कड रेखीव आणि बाहेरची किनार पांढरीशुभ्र हवी. कड पुसट असेल किंवा किनारीवर काळसर ओघळ दिसत असेल, तर हवा कडेने शिरली आहे, असे समजून गॅस्केट (कडेची गळती रोखणारी चकती) व फिल्टरची बैठक तपासावी.

धूळ मोजतात ती नमुन्याच्या आधीच्या आणि नंतरच्या फिल्टरच्या वजनातील फरकावरून, आणि खरे नुकसान बहुधा हे वजन करताना होते. मिनिटाला १६.७ लिटर या प्रवाहाने २४ तासांत सुमारे २४ घनमीटर हवा खेचली जाते. भारतीय मानकाच्या घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम या २४ तासांच्या मर्यादेइतकी धूळ असली, तरी फिल्टरवर जेमतेम १.४४ मिलिग्रॅम साचते. म्हणजे वजनातली ०.१ मिलिग्रॅमची चूक निकालात घनमीटरमागे सुमारे चार मायक्रोग्रॅमची होते. ती टाळण्यासाठी नमुन्याच्या आधी आणि नंतरही फिल्टर किमान २४ तास २० ते २३ अंश सेल्सिअस तापमानात आणि ३० ते ४० टक्के आर्द्रतेत ठेवावा. कोकणातल्या पावसाळ्यात तर यात कसूर नकोच. सेल्युलोजचा फिल्टर ओलावा फार शोषतो, म्हणून वजनाच्या कामाला तो घेऊ नये. टेफ्लॉनवर स्थिर विद्युतभार साचून तराजूचा आकडा हलत राहतो. तो भार आधी घालवावा.

फिल्टर चिमट्याने, तोही फक्त कडेला धरावा. प्रत्येक खेपेला एक कोरा फिल्टर हवा न खेचता नेऊन परत आणावा. त्याचे वजन वाढले असेल, तर धूळ हाताळणीत लागली आहे.