गोव्याच्या बीएनयू नोटा जमवताना या चुका टाळा

‘आजोबांच्या पेटीत सापडली’ एवढ्या एका वाक्यावर पोर्तुगीज नोटा भलत्याच भावाने खपतात. नोट खरी असते, पण कधीकधी गोव्याचीच नसते! बांको नासियोनाल उल्त्रामारिनो, म्हणजे बीएनयू, ही 1864 साली लिस्बनला निघालेली खासगी बँक. मोझांबिक, मकाव, तिमोर इथल्या नोटाही तीच काढायची. तेव्हा बँकेचं नाव दिसलं म्हणून लगेच पाकिटाला हात घालू नका.

आधी आकडा बघा. गोव्यात पूर्वी रुपिया आणि तांगा चालत. 16 तांगांचा एक रुपिया. 1959 मध्ये एस्कुदो आला, रुपियाला सहा या दराने. म्हणून तर 30, 60, 300, 600 असे चमत्कारिक आकडे: जुन्या 5, 10, 50 आणि 100 रुपियांचा तो सरळ हिशेब. 100 आणि 1000 एस्कुदोच्या नोटा मात्र इतर वसाहतींतही होत्या, तिथे प्रदेशाचं नाव वाचाच. शिवाय एस्कुदोची नोट ‘शंभर वर्षं जुनी’ म्हणून कुणी दाखवली तर हसून पुढे चला. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. या नोटा जेमतेम तीन वर्षं चालल्या.

उलट चूकही होते. बीएनयूच्या गोव्यातल्या नोटा सुरू झाल्या 1906 पासून. त्याआधीच्या सरकारी. बँकेचाच संग्रह करायचा असेल तर त्या वेगळ्या ठेवा.

सगळ्यात महागात पडते ती सफाई. माझ्या पहिल्या 60 एस्कुदोवरची घडी मी इस्त्रीने घालवली. घडी गेली, पण छपाईचा बोटाला लागणारा उठावही गेला, आणि जाणकाराने नोट तिरकी धरताच ओळखली. धुतलेली नोट तर आणखी सोपी: कपड्यांच्या साबणात पांढरी झळाळी आणणारं द्रव्य असतं, त्यामुळे ती अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. विकत घेताना हा छोटा दिवा खिशात असू द्या. घडी पडलेली, मळकी, पण न छेडलेली नोट केव्हाही बरी.

फाटलेल्या जागी चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. पीव्हीसीच्या पाकिटातून कालांतराने चिकट द्रव सुटतो. पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. कोकणातल्या पावसाळ्यात अल्बम बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि गणपतीच्या सुमारास बदला.