कढईतली नानकटाई, दिवाळी अंक आणि एक वही: आजीच्या दुपारचा बेत

परवा नातीने फोनवर विचारलं, आजी तू दुपारभर एकटी काय करतेस गं, बोअर नाही का होत. म्हटलं बाई, मला दुपार पुरत नाही. तिला काही ते पटेना, मग बसून सगळं नीट सांगितलं, तर म्हणाली हे लिहूनच टाक, माझ्या मैत्रिणींच्या आज्यांना पण पाठवते. म्हणून हा खटाटोप, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

यातली युक्ती एवढीच की तीन कामं एकमेकांत अडकवायची. नानकटाईचा एक घाणा भाजायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढ्यात एक कथा वाचून होते. सगळे घाणे झाले की त्या गार व्हायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात आठवणींच्या वहीचं एक पान. सुटं सुटं करायला गेलात तर नुसतं वाचताना डुलकी लागते, नुसतं लिहायला बसलं की पेन चावत बसतो, आणि नुसती नानकटाई केली तर दर दोन मिनिटांनी झाकण उघडून बघितल्याशिवाय राहवत नाही आणि तिथेच ती बिघडते.

आधी नानकटाई. ओव्हन नसला तरी काही अडत नाही, मी गेली कित्येक वर्षं जुन्या जाड बुडाच्या कढईत करतेय. नवी कढई घेऊ नका आणि नॉनस्टिक तर अजिबात नको, कोरडी तापवली की ती खराब होते. काहीजणी कुकरची शिट्टी आणि रिंग काढून त्यात करतात, पण चांगल्या कुकरला एवढी कोरडी आच द्यायला माझं मन होत नाही. कढईत दोन वाट्या जाडं मीठ पसरायचं, त्यावर कुकरची जाळी किंवा एखादी वाटी पालथी, वर घट्ट बसणारं झाकण.

माप वाटीचं सांगते, ग्रॅमचं मला जमत नाही. सगळीकडे एकच वाटी घ्या म्हणजे झालं. मैदा दीड वाटी, बेसन अर्धी वाटी, बारीक रवा दोन चमचे, पिठीसाखर पाऊण वाटी, थिजलेलं रवाळ साजूक तूप पाऊण वाटी आणि वर एखादा चमचा हाताशी ठेवायचा, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, मीठ चिमूटभर, वेलची आणि थोडं जायफळ. मैद्याऐवजी कणीक घेतली तरी होते, चव खमंग लागते पण खुसखुशीतपणा जरा कमी येतो, उगाच तेच लागतं असं मी म्हणणार नाही. बेसन मात्र टाळू नका, चव आणि रंग दोन्ही त्याचंच.

आता सगळा जीव ज्यात आहे ती गोष्ट, तूप फेसणं. परातीत तूप घ्या, थोडी थोडी पिठीसाखर घाला आणि तळहाताने गोल गोल फेसत रहा, आठ-दहा मिनिटं तरी. आधी पिवळट दिसतं, मग हळूहळू पांढरं व्हायला लागतं, आणि एक क्षण असा येतो की हाताला ते तूप वाटतच नाही, लोण्याहून हलकं काहीतरी लागतं. तोवर थांबायचं नाही. पातळ तूप घेऊन घाई केली तर नानकटाई कढईत पसरून तिची पुरी होते, एप्रिल-मे मध्ये माझी दरवर्षी एकदा तरी होतेच, म्हणून उन्हाळ्यात फेसलेलं तूप दहा मिनिटं फ्रीजमध्ये. मग पिठं, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र चाळून त्यात घाला, रवा, वेलची, जायफळ टाका आणि नुसतं गोळा करा, पोळ्यांच्या कणकेसारखं मळू नका, मळलं की चिवट होतं. भुरभुरायला लागलं तर हाताशी ठेवलेलं तूप घाला, दूध किंवा पाणी नको, त्याने कडक होते.

लिंबापेक्षा लहान गोळे करून जरा चपटे करायचे, बोटाने मध्ये खळगा करून चारोळी किंवा पिस्त्याचा काप दाबायचा. एवढ्या मापात साधारण चोवीस होतात. कढईत मावेल अशा ताटलीला तूप लावून आठ लावायच्या, दोघींमध्ये दीड बोट जागा ठेवून. म्हणजे तीन घाणे, म्हणजेच तीन कथा, हा हिशोब लक्षात ठेवा. एक घाणा कढईत असताना बाकीचे गोळे झाकून ठेवायचे, उन्हाळा असेल तर फ्रीजमध्ये. कढई मध्यम आचेवर दहा मिनिटं झाकून तापवायची, मग ताटली आत, गॅस एकदम बारीक, आणि वीस मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. आच खालून असते त्यामुळे वरचा रंग बदलायची वाट बघू नका, वरून त्या पांढऱ्याच राहतात. एक अलगद उचलून बूड बघा, बदामी झालं असेल तर झाली. हाताला मऊ लागेल, घाबरू नका, गार झाली की कडक होते, मऊ आहे म्हणून परत आत ठेवणाऱ्याच बायका मग दगड झाला म्हणून रडतात. ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन असेल तर १६० डिग्रीवर अठरा-वीस मिनिटं, नात तसंच करते, छान होतात पण माझ्यासारखा वास घरभर सुटत नाही असं तीच म्हणते, मी नाही.

वासावरून आठवलं. मी लहान होते तेव्हा कराडला आमच्याकडे कुणाच्याच घरी ओव्हन नव्हता. तूप, साखर, मैदा पिशवीत भरून बेकरीत न्यायचं. साखर रेशनची, ती आई आधीपासून जपून बाजूला काढायची, त्यामुळे नानकटाई वर्षातून एकदा, फार तर दोनदा. दुपारी पाव काढून झाले की भट्टीची आच उतरलेली असायची, त्या आचेवर बेकरीवाला लोकांची बिस्किटं भाजून द्यायचा. प्रत्येकाच्या पत्र्यावर नंबराची चिठ्ठी. आणि तिथे बसून राहायचं काम माझं, कारण आईचा ठाम समज होता की लक्ष ठेवलं नाही तर आपलं साजूक तूप दुसऱ्याच्या पत्र्यावर जातं आणि आपल्याला डालड्याची मिळतात. खरं खोटं देव जाणे. पण मी भट्टीसमोर त्या पोत्यांवर बसून वाचत असायची, वाणसामान बांधून आलेला कागद असला तरी वाचायची. वाचनाची सवय मला शाळेने नाही, त्या बेकरीने लावली.

आता वाचायचं काय. कढईत घाणा असताना कादंबरी वाचू नये. हा नियम मी कोळसे करून शिकले आहे, शेवटची दोन पानं राहिली होती आणि खून कोणी केला ते कळायचं होतं, हे अंगणातून आत येऊन विचारायला लागले की कॉफी कोण भाजतंय. कथाच घ्या, आणि त्यासाठी दिवाळी अंकासारखी सोय नाही. पहिला दिवाळी अंक मनोरंजन मासिकाचा धरतात, काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली काढला तो, तेव्हापासून मराठी माणूस फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवत आलाय, तर नानकटाईशेजारी ठेवला म्हणून काय झालं. मी दिवाळीत तीन-चार अंक घेते पण दिवाळीत वाचून संपवत नाही, वर्षभर पुरवते. अनुक्रमणिकेत कथांवर पेन्सिलीने खूण करते, पानं मोजते, दहा ते बारा पानांची कथा एका घाण्याला बरोबर बसते. चार पानांची असेल तर तिच्यासोबत दोन कविता. तरी मोबाईलवर गजर लावाच, आपल्याला वाटतं आपण भानावर आहोत.

डोळ्यांची तक्रार असेल तर उजेड खांद्यामागून येईल असं बसा आणि जाड अंक मांडीवर न धरता उशीवर ठेवा, मनगटं दुखत नाहीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला काही आठवडे वाचायचं नव्हतं तेव्हा नातीने स्टोरीटेल या पुस्तकं ऐकायच्या ॲपवर मराठी पुस्तकं लावून दिली, चांगली वाटली, पण तूप फेसताना ऐकायला, बसून ऐकलं की मी घोरते. किंडल या पुस्तकं वाचायच्या यंत्रावर अक्षर मोठं करता येतं ही मोठीच सोय, फक्त पिठाचे हात लावू नका.

पुस्तकं नुसती घ्यायची नसतात, सांभाळायची पण असतात. आमच्या साताऱ्यात पावसाळ्यात कपाट भिंतीला टेकवलं की ओल येतेच, चार बोटं पुढे ओढा. आत वाळलेला कडुलिंबाचा पाला मलमलीच्या पुरचुंडीत ठेवा, कसर लागत नाही असा माझा अनुभव आहे, आणि पाऊस सरला की पुस्तकं सावलीत उभी करून पानं मोकळी करा, कडक उन्हात टाकू नका, पानं पिवळी पडतात. कोणी पुस्तक नेलं तर नाव आणि तारीख लिहून ठेवा, नातेवाईक असला तरी, नातेवाईक असला तर आधी. आणि कधी बाहेर पडायचा मूड असेल तर पाचगणी-महाबळेश्वरच्या मध्ये भिलार आहे, ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालंय, लोकांच्या घरात, ओसरीवर पुस्तकं ठेवलीयेत आणि कोणीही बसून वाचावं. आम्ही दोघं गेलो होतो, ह्यांनी स्ट्रॉबेरी खाल्ली आणि मी वाचलं, भांडण न होता संपूर्ण दिवस गेला.

तिसरा घाणा उतरला की नानकटाया जाळीवर पसरा आणि वही काढा. दोनशे पानी, रेघांची, शाळेची असते तीच. भारीतली डायरी आणू नका, तिच्यात लिहायला हात धजत नाही. वरती तारीख आणि एकाच गोष्टीचं नाव, एका बैठकीला एकच पान. माझा जन्म अमुक साली अमुक गावी झाला असं सुरू केलंत तर तिसऱ्या पानावर वही बंद पडते, माझी दोनदा पडली. त्यापेक्षा एक वस्तू घ्या. पितळी डबा, बेकरीची चिठ्ठी, सासूबाईंचा अडकित्ता. तिचा वास, किंमत, ती कुठे ठेवलेली असायची, तिच्यावरून कोण कोणाशी भांडलं.

मोठ्या घटना पण अशाच लिहायच्या. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, मी पंधरा वर्षांची. भूकंपाची माहिती लिहित बसू नका, ती सगळीकडे आहे. मी लिहिलं ते आईचं. भांडी धडाधड पडायला लागली, सगळे अंधारात अंगणात पळालो, वडिलांनी धाकट्याला उचललं, आणि आई सगळ्यात शेवटी आली ती दोन्ही हातात विरजणाचं भांडं धरून, जराही न हिंदकळता. दागिन्यांचा डबा आतच. उजाडल्यावर शेजारपाजारचे सगळे आमच्याच अंगणात कुडकुडत होते आणि आईने त्यांना तेच दही-भात वाढला. हे नातीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, पण आजी, दहीच का. आता हे मी आईला कधी विचारलंच नाही. तेही लिहिलंय, खाली, प्रश्न म्हणून. तुम्हाला पण जे माहीत नाही ते तसंच लिहा, रचून सांगू नका, घरातलं कोणीतरी वाचून म्हणतं अगं मला माहितीये, मी सांगतो. माझ्या धाकट्या भावाने असे तीन प्रश्न सोडवलेत, दह्याचा त्यालाही येत नाही.

फोटो असतील तर मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, डावीकडून उजवीकडे, फोटो पालथा काचेवर ठेवून, अगदी हलक्या हाताने. बॉलपेनने लिहिलं की पुढे वळ उठतात आणि शाई पसरते ती वेगळीच. "मामी" असं लिहू नका, पन्नास वर्षांनी कोणाची मामी हे कोण सांगणार, पूर्ण नाव लिहा. हात दुखत असेल तर मोबाईलच्या कीबोर्डवर माईकचं चिन्ह असतं ते दाबून मराठीत बोला, ते टाइप होतं, "विरजण" चं भलतंच काहीतरी करतं पण बाकी बरं असतं. नाहीतर सरळ नातवंडांना व्हॉइस नोट पाठवा. माझी नात त्या सगळ्या साठवून ठेवते, तिच्या मते माझ्या आवाजात मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत तेच भारी आहे.

एवढ्यात नानकटाई गार झालेली असते. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरली की मऊ पडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस आरामात राहतात, म्हणजे राहिल्या तर. ह्यांना डायबेटिस आहे म्हणून मोजून एक देते आणि डबा पुस्तकांच्या कपाटात, जाड शब्दकोशाच्या मागे ठेवते. तो शब्दकोश हल्ली फार वेळा बाहेर निघतो असं माझ्या लक्षात आलंय.

आणि हो, कढईतलं मीठ टाकून देऊ नका, गार झालं की बरणीत भरा, पुढच्या वेळी तेच चालतं. फक्त बरणीवर "भाजायचं, स्वयंपाकाचं नाही" अशी चिठ्ठी चिकटवा. मी नव्हती चिकटवली. सून आमटी करत होती, आणि त्या दिवशी सगळ्यांनी नानकटाई आणि दूध जेवलं.