कंबर धरली तर काय करायचं: पहिल्या दिवसापासून पुन्हा शेतात उतरेपर्यंत

जुलै उजाडला की खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम भागात घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते, "कंबर धरलीय, वाकाला येईना." रोप लावणीचे दिवस. पाय चिखलात, पाठीवर प्लास्टिकची खोळ आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओणवं. माझ्या आईची कंबर अशाच एका लावणीत धरली. घरातल्या सगळ्यांनी मायेपोटी सांगितलं, "पडून राहा, उठू नको." ती दोन आठवडे खाटेवर पडून राहिली. उठली तेव्हा पाय लटपटत होते आणि कंबर होती तशीच. त्या वेळी कुणीतरी नीट सांगायला हवं होतं, म्हणून हे लिहितोय.

दुखतं ते नेमकं काय

कंबरेत पाच मणके असतात. त्यांच्या मधे गाद्या, आणि भोवती स्नायू व अस्थिबंध. वरच्या अंगाचा सगळा भार इथून खाली उतरतो. बहुतेक वेळा दुखणं या स्नायूंच्या आणि सांध्यांच्या ताणाचं असतं. नेमकं कुठे बिघडलं ते डॉक्टरांनाही बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि हे घाबरण्यासारखं नाही. असं दुखणं बहुतेकांचं चार ते सहा आठवड्यांत बरंच कमी होतं.

"गादी सरकली" हे शब्द मात्र माणसाचा धीर घालवतात. गादी जागची निसटून बाहेर पडत नाही. तिच्या आतला मऊ भाग फुगून बाहेर येतो आणि कधी शिरेवर दाब देतो. मग कळ कुल्ल्यातून निघून गुडघ्याखाली पावलापर्यंत जाते. यालाच सायटिका म्हणतात. हे दुखणं जास्त दिवस घेतं, पण बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. ज्यांना कधीच दुखलं नाही अशा कित्येकांच्या एमआरआयमध्येही फुगलेली गादी दिसते. त्यामुळे खाली दिलेली धोक्याची लक्षणं नसतील आणि पायाची ताकद कमी होत नसेल, तर पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआयवर हजारो रुपये घालण्याची सहसा गरज नसते.

आधी हे तपासा

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसण्याच्या जागेवर बधिरपणा आला, पायातली ताकद कमी होत चालली (चालताना पाऊल घासतं, चप्पल पायातून निसटते), यातलं एक जरी झालं, तर रात्र काढू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडी करून थेट जिल्हा रुग्णालय गाठा. दाबलेली शीर वेळेत मोकळी झाली नाही तर नुकसान कायमचं होऊ शकतं.

रोज संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची तपासणी करून घ्या. आपल्याकडे हा आजार अजून आहे, औषधांनी बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार मोफत होतात. पूर्वी कॅन्सर झालेला असेल, झाडावरून किंवा गाडीवरून पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल, बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखत असेल, तरीही आधी डॉक्टर. कळ कंबरेच्या एका बाजूने जांघेकडे येत असेल आणि लघवीला जळजळ होत असेल, तर तो मुतखडा असू शकतो. त्याचा उपचार वेगळा.

पहिले दोन-तीन दिवस

फारच कळ असेल तर दिवसभरात थोडा वेळ पडा, पण अंथरूण धरू नका. पाठीवर झोपलात तर गुडघ्यांखाली उशी घ्या, कुशीवर झोपलात तर दोन गुडघ्यांमध्ये. आईला सगळ्यात जास्त कळ उठताना यायची, कारण ती पाठीवरून सरळ उठायला बघायची. आधी कुशीवर वळा, दोन्ही पाय खाटेखाली सोडा आणि मग हाताने रेटा देत अंग उचला. एवढ्यानं निम्मी कळ वाचते.

शेक द्या. गरम पाण्याची पिशवी चालेल, निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधला तरी चालेल. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, कातडी भाजणार नाही इतपत. मधुमेहामुळे कातडी बधिर झालेल्या माणसानं आधी दुसऱ्याच्या हाताला लावून बघावं.

आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच, पोटात अन्न असताना आणि थोडेच दिवस घ्यावी. किडनीचा, हृदयाचा किंवा अल्सरचा त्रास, जास्त बीपी, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गरोदरपण असेल तर आपल्या मनानं मुळीच नको. बिननावाच्या पुड्यांपासून तर लांबच राहा. अशा पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं. चार दिवस बरं वाटतं आणि पुढे हाडं ठिसूळ होतात.

उसण भरली की पायाळू माणसाकडून पाय लावून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. हलका पाय लावून कुणाचं काही बिघडत नाही, मनाला धीरही येतो. पण पाठीवर उभं राहणं, झटका देणं, मान-कंबर कडाडून मोडणं हे करू देऊ नका, आणि पायात कळ जात असेल तर मुळीच नाही.

मग चालायला लागा, आणि हे व्यायाम

पहिल्याच दिवसापासून घरातल्या घरात फिरा. मग दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चाला आणि हळूहळू अर्ध्या तासावर या. थोडं दुखलं तरी चालेल. दुखणं म्हणजे दर वेळी इजा नव्हे.

कळ जरा उतरली की सतरंजीवर पाठ टेकून गुडघे दुमडा. पोट आत घेत कंबर जमिनीला टेकवा, पाच मोजा, सोडा. असं दहादा. मग याच स्थितीत कुल्ले वर उचला, पाच मोजा, सावकाश खाली या. जमेल तसं पाचावरून दहावर जा. श्वास कोंडू नका.

पायात कळ असेल तर पालथं पडून कोपरांवर छाती उचलून दोन मिनिटं राहून बघा. कळ पावलाकडून वर सरकत कंबरेकडे आली तर ते चांगलं लक्षण, मग कंबर जरा जास्त दुखली तरी हरकत नाही. कळ आणखी खाली उतरली तर हा व्यायाम थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

आमच्याकडे कंबर धरली की आधी पट्टा आणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात पट्टा आणि वजनं लावून ताणणं (ट्रॅक्शन) यांची सरसकट शिफारस केलेली नाही. भर व्यायामावर आणि रुग्णाला नीट समजावून सांगण्यावर आहे. पट्ट्याचे पैसे शिल्लक ठेवून फिजिओथेरपिस्टकडे दोन-चार वेळा गेलात तर जास्त उपयोग होईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुन्हा दुखू नये म्हणून

रात्री झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची एक-दोन सेंटीमीटर जास्त भरते ती त्यामुळेच. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण जास्त पडतो. आणि आपल्या बायका उठल्या उठल्या काय करतात? अंगण झाडतात, सडा घालतात, ओणव्यानं रांगोळी काढतात. उठल्यावर निदान अर्धा तास खोल वाकणं टाळा. आधी चूल पेटवा, चहा करा, गुरांकडे एक फेरी मारा, मग अंगण. खराट्याला लांब दांडा बसवा. रांगोळी पाटावर बसून काढा. घरातला पुरुषमाणूस सडा घालू लागला तर आणखी चांगलं.

लावणीत सबंध दिवस ओणवं राहण्यापेक्षा माणसं फिरवा. थोडा वेळ तरवा काढायचा, थोडा वेळ जुड्या वाहायच्या, थोडा वेळ लावायचं. वीस-पंचवीस मिनिटांनी बांधावर या, दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाचदा मागे वाका.

निपाणीकडे सुपावर तासन्‌तास विड्या वळणाऱ्या मावश्यांनी कुल्ल्यांखाली घडी घातलेली चादर घ्यावी, पाठ भिंतीला टेकवावी आणि दर अर्ध्या तासानं उठून पाणी पिऊन यावं. बेळगावच्या वडगाव-शहापुरात मागावर उभं राहणाऱ्यांनी पायाशी एक वीट ठेवावी, कधी डावा पाय तिच्यावर, कधी उजवा. उद्यमबागेतल्या कारखान्यांत रोज दुचाकीवरून येणाऱ्यांनी खड्ड्यात वेग कमी करावा आणि पाठीवरची जड बॅग गाडीला अडकवावी.

बटाट्याचं किंवा भाताचं पोतं एकट्यानं उचलायला जाऊ नका. दोघं मिळून उचला. पाय फाकून उभे राहा, पोतं पोटाजवळ घ्या, गुडघ्यांत वाका, आणि वळायचं असेल तर कंबर न पिळता पावलं वळवा. पाण्याची एक मोठी घागर एकाच कुशीवर नेण्यापेक्षा दोन लहान कळशा दोन हातांत घ्या.

विडी-सिगारेट सोडा, पुरेशी झोप घ्या. पोट सुटलं असेल तर चालणं वाढवा.

आजारपणानंतर पुन्हा शेतात उतरताना पहिल्या दिवशी दोन तास, दुसऱ्या दिवशी तीन, आणि आठवड्याभरात पूर्ण दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या सकाळीइतकंच असेल तर एक तास वाढवा, वाढलं असेल तर तेवढ्यावरच दोन दिवस राहा. पुढच्या लावणीत आईनं हेच केलं. बांधावर येऊन मागे वाकायची तेव्हा शेजारच्या काकी विचारायच्या, "काय गं, आभाळ बघतेस?" ती म्हणायची, "या, तुम्हीपण बघा," आणि मग काकीही बांधावर चढायच्या.