या चुका टाळा: रोजात घड्याळाला सूट आणि शरीरावर सक्ती

रोजाचे नियम फार नाहीत. मनात नियत, म्हणजे रोजा ठेवायचा निश्चय, आणि पहाटेचा उजेड क्षितिजावर आडवा पसरू लागल्यापासून सूर्य मावळेपर्यंत खाणं, पिणं, शरीरसंबंध बंद. तरीही दर रमजानला त्याच चुका बघते आणि जीव कासावीस होतो. जिथे नियम काटेकोर आहे तिथे आपण ढिले, आणि जिथे अल्लाहने सवलत दिली आहे तिथे हट्टी. बहुतेक चुका या दोनच प्रकारच्या असतात.

सगळ्यात जास्त रोजे मी वाया जाताना पाहिलेत ते वेळेपायी.

पुण्यात, कोंढव्यातल्या आमच्या इमारतीत सोलापूरची दोन मुलं भाड्याने राहायची, इंजिनिअरिंग शिकणारी. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजच्या, सुमारास घरी फोन लावून ठेवायची. तिकडून अम्मी म्हणायची, "अजान हुई बेटा, रोजा खोलो," की इकडे खजूर तोंडात. अर्धा रमजान असाच गेला. एकदा मी फळांचं ताट द्यायला गेले तर गॅलरीतून सूर्य अजून दिसतोय आणि यांच्या ताटातली भजी संपत आलेली. सोलापूर पुण्याच्या पूर्वेला सुमारे २ अंश रेखांशावर आहे. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे तिथे सूर्य साधारण ८ मिनिटं आधी मावळतो. ते सगळे रोजे कजा करावे लागले, म्हणजे नंतर भरून काढावे लागले. सूर्य मावळलाय असं समजून सोडले म्हणून कफ्फारा (मुद्दाम मोडलेल्या रोजाचं प्रायश्चित्त) नाही, पण कजा सुटत नाही. धाकटा म्हणाला, "खाला, आठ मिनिटांनी काय होतंय?" मी म्हटलं, तेरा तास ज्याच्यासाठी थांबलास, त्याच्यासाठीच ही आठ मिनिटंही होती. पोरगं गप्प बसलं. पण रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यात दोघांनी मोजून कजा पूर्ण केल्या, याचं मला कौतुक आहे.

मुंबईच्या नातेवाइकांनी पाठवलेलं वेळापत्रक पुण्यात वापरणाऱ्यांचं उलटं होतं. मुंबई आपल्या पश्चिमेला. तिथली पहाट साधारण ४ मिनिटं उशिरा, म्हणजे त्या कागदावर विसंबलात तर सहरीचे, म्हणजे पहाटेआधीच्या जेवणाचे, शेवटचे घास पहाट फुटल्यावर पोटात जातात.

मोबाइलवाल्यांची गत याहून वाईट. ॲपमध्ये फजर (पहाटेच्या नमाजची वेळ) मोजण्याची पद्धत निवडावी लागते, हे कोणी बघतच नाही. आपल्याकडे सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर असताना पहाट धरतात. उत्तर अमेरिकेची पद्धत निवडलेली राहिली तर १५ अंश धरले जातात, आणि पुण्यात तेवढ्याने १२-१३ मिनिटांचा फरक पडतो. महिनाभर उपाशी राहायची तयारी आहे, पण सेटिंग उघडून बघायला दोन मिनिटं नाहीत. या घाईचा मला खरोखर राग येतो.

आणि "अजान संपेपर्यंत खाता येतं" हे कुठून आलं? हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे ते असं: (त्यांच्या काळी अजान देणारे) बिलाल रात्र असतानाच अजान देतात, तेव्हा इब्न उम्मे मकतूम अजान देईपर्यंत खा-प्या. ती दुसरी अजान पहाट फुटताना व्हायची. आज आपल्या मशिदींत फजरची अजान साधारणपणे सहरीची वेळ संपल्यावर काही मिनिटांनी होते. शिवाय रात्री १० ते सकाळी ६ भोंग्यांना बंदी असल्याने ती घरात ऐकू येईलच असं नाही. माझी सवय साधी आहे. मोहल्ल्याच्या मशिदीचं छापील वेळापत्रक फ्रिजवर चिकटवते आणि खत्म-ए-सहरच्या (सहरीची वेळ संपण्याच्या) दहा मिनिटं आधी शेवटचं पाणी पिते. अर्थात काळजी म्हणून रात्री दोनला मोमीनपुऱ्यात कबाब खाऊन झोपून जाणं ही सहरी नव्हे. सहरी उशिरा करणं आणि इफ्तार वेळ झाल्याबरोबर करणं, दोन्ही सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, आहे. भूक नसेल तर एक घोट पाणी प्या, पण उठा.

आता हट्टाकडे येते.

आमच्या शेजारच्या नानींना बरीच वर्षं मधुमेह, गोळ्या चालू. एका रमजानात असरनंतर (दुपारनंतरच्या नमाजनंतर) त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. साखर मोजायचं यंत्र कपाटातच होतं. बोटातून रक्त काढलं तर रोजा मोडतो, असं कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं. सुनेने सरबत पुढे केलं तर "अब घंटाभर तो बचा है" म्हणून परत पाठवलं. इफ्तारच्या थोडं आधी स्वयंपाकघरात कोसळल्या. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचल्या, पण पडताना हाताचं हाड मोडलं ते मोडलंच.

बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा लगेच सोडा, असंच मधुमेहाचे डॉक्टर सांगतात. कुरआनात रोजाचा हुकूम आहे त्याच सूरत अल-बकरात, १८५व्या आयतीत, आजारी आणि प्रवासी यांना दुसऱ्या दिवसांची मुभा आहे, आणि तिथेच म्हटलंय की अल्लाहला तुमच्यासाठी सोपं करायचंय, अवघड नाही. ती मुभा नाकारून कोणाला खूश करायचं असतं? रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा, गोळ्यांच्या आणि इन्सुलिनच्या वेळा बदलून घ्या. डॉक्टर नको म्हणाले तर मौलानांना डॉक्टरांचं म्हणणं सांगा. बरं होण्याची आशा नसलेल्यांसाठी फिदया आहे, दर रोजामागे एका गरिबाचं जेवण. पण चार दिवस ताप आलेल्या तरुणाने पैसे देऊन मोकळं व्हायचं नाही. त्याला कजाच करावी लागते.

पाळीच्या दिवसांत रोजा ठेवायचाच नसतो, तरी किती मुली घरात सगळ्यांसमोर सहरीला बसतात, दिवसभर लपूनछपून पाणी पितात. घरातल्या पुरुषांनी "आज रोजा नाही का?" हा प्रश्न विचारणं बंद करावं, मी हे तोंडावर सांगते. मुलींनो, सुटलेले रोजे त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा. त्या दिवसांच्या नमाजांची कजा नाही, रोजांची आहे, आणि दोन वर्षांनी आकडा आठवत नाही.

बाकीचं थोडक्यात. विसरून खाल्लं तर रोजा शाबूत राहतो, आठवताच थांबा. "आता मोडलाच" म्हणून ताट संपवणाऱ्यांचा मात्र तिथे खरंच मोडतो. उलटी आपोआप झाली तर काही नाही, मुद्दाम काढली तर कजा. थुंकी गिळल्याने काही होत नाही, दिवसभर थुंकत फिरू नका. मिसवाक (दातण) खुशाल करा. टूथपेस्ट मी सहरीआधीच उरकते. दम्याचा पंप ओढल्याने आपल्याकडच्या बहुतेक उलेमांच्या (धर्मपंडितांच्या) मते रोजा मोडतो, पण दम लागला की पंप घ्यायचा आणि नंतर कजा करायची, तिथे विचार करत बसायचं नाही.

रोजाच्या नियतबद्दल कोकणातून आलेल्यांनी जरा लक्ष द्यावं. तुमची घरं बहुतेक शाफई, आणि त्या मसलकात (धर्मनियमांच्या परंपरेत) फर्ज, म्हणजे सक्तीच्या, रोजाची नियत पहाटेआधीच व्हावी लागते. दुसऱ्या, हनफी परंपरेतल्या मैत्रिणीला सकाळी उशिरापर्यंत मुभा आहे, तिचं ऐकून चालणार नाही. कफ्फाऱ्याचंही तसंच. जाणूनबुजून खाऊन रोजा मोडला तर हनफींकडे कजा आणि वर सलग ६० रोजे. शाफईंकडे कफ्फारा फक्त शरीरसंबंधासाठी. म्हणून म्हणते, अर्ध्या मिनिटाच्या रीलवर फतवा शोधू नका. आपल्या मशिदीच्या इमामांना विचारा, ते तुमचं घर ओळखतात.

ईदच्या दिवशी रोजा मनाच आहे, त्यामुळे उत्साहात त्या दिवशी कजा सुरू करू नका. फित्रा (ईदचं गरिबांसाठीचं दान) ईदच्या नमाजआधी पोचवा. मी दोन-तीन दिवस आधीच देते, म्हणजे घेणाऱ्या घरात शिरखुर्म्याचं दूध वेळेवर येतं.