जिताड्याला टॉपवॉटरवर गरवताना घाई नको

संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी टॉपवॉटर लुअर (पाण्यावर तरंगणारं खोटं आमिष) घेऊन जाणार असाल तर ओहोटी बघूनच निघा, कारण पाणी उतरायला लागलं की तिवरांतली बोय (छोटे मासे) आणि कोळंबी बाहेर येते आणि जिताडा तिथेच वाट अडवून बसलेला असतो. लुअर प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका, खाली वाहत येऊ द्या, रॉडच्या टोकाने हलके झटके द्यायचे म्हणजे ती डावी-उजवीकडे डोलते, आणि मधे दोन-तीन सेकंद एकदम थांबवा, बऱ्याचदा मासा थांबल्यावरच उचलतो.

आता मेन गोष्ट, पाण्यावर फटाक्कन आवाज आला की लगेच रॉड ओढू नका!! पहिला फटका बरेचदा हुकतो, ओढलं की लुअर त्याच्या तोंडापुढून निघून जाते. लाईनवर वजन जाणवलं की मगच ओढा, नसेल जाणवलं तर लुअर तिथेच हलवत राहा, तो परत येतो. लीडर (लाईनच्या टोकाला लुअरआधी बांधायचा जाड दोरा) 40 पाउंड ताकदीचा तरी हवाच, जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते, साधी लाईन सरळ कापते. हाताळताना पण बोटं तिथे घालू नका, आणि छोटा असेल तर प्लीज सोडून द्या.