घरच्या वायफायचं नाव कोणतं? असं शोधा

मागच्या महिन्यात एका दुपारी डोंबिवलीच्या आत्याचा फोन आला. नवीन टीव्ही भिंतीवर लागला होता, लावणारा माणूस निघून गेला होता आणि पडद्यावर वायफायच्या नावांची यादी उघडून आत्या रिमोट हातात धरून बसली होती. "अगं, इथे अकरा नावं दिसतायत. त्यातलं आपलं कुठलं?" पासवर्ड तिच्या डायरीत व्यवस्थित लिहिलेला होता, नाव मात्र कुठेच नव्हतं. अंदाजाने एक नाव निवडून तिने दोनदा पासवर्ड टाकला होता आणि दोन्ही वेळा टीव्हीने तो चुकीचा ठरवला होता. पासवर्ड बरोबरच होता, पण निवडलेलं नाव शेजाऱ्यांचं होतं.

असं घडलं की माणसांना वाटतं पासवर्डच बदललाय. मग कुणीतरी राउटरचं रीसेटचं बटण दाबतं आणि घरातलं चालू असलेलं नेटही बंद पडतं. म्हणून पासवर्डकडे वळण्याआधी आपलं नाव कोणतं, ते पक्कं करा.

ज्या फोनवर नेट चालू आहे, तो आधी घ्या

घरातल्या एका जरी फोनवर वायफाय चालू असेल, तर काम दोन मिनिटांचं आहे. अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमध्ये जाऊन 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडा. काही फोनवर तिथे 'कनेक्शन्स' किंवा थेट 'वायफाय' असं लिहिलेलं असतं. यादीत सगळ्यात वर, 'कनेक्टेड' लिहिलेलं नाव तुमचं. आयफोनवर सेटिंग्जमधलं 'वायफाय' उघडलं की तुमच्या नावापुढे बरोबरची खूण दिसते. लॅपटॉपवर विंडोज असेल तर उजव्या कोपऱ्यात खाली घड्याळाजवळच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक करा. मॅकवर हेच चिन्ह पडद्याच्या वरच्या पट्टीत असतं. लॅपटॉपला राउटरची वायर जोडलेली असेल तर तिथे वायफायचं नाव मिळेलच असं नाही.

एक खात्री मात्र करून घ्या. फोन खरोखर वायफायवर आहे ना? मोबाइल डेटा चालू असला तरी व्हिडिओ दिसतातच. डेटा बंद करून एखादं पान उघडून बघा.

अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या फोनवर त्याच नावाच्या तपशिलात 'शेअर' किंवा 'क्यूआर कोड' असा पर्याय असतो. तो कोड दुसऱ्या फोनने स्कॅन केला की नाव आणि पासवर्ड दोन्ही आपोआप जातात, टाइप करावं लागत नाही. टीव्हीला याचा उपयोग नाही, पण घरी आलेल्या पाहुण्यांसाठी फार सोयीचं आहे.

एकही फोन जोडलेला नसेल तर राउटरकडे चला

राउटरच्या खालच्या किंवा मागच्या बाजूला एक छोटं स्टिकर असतं. आपल्याकडे राउटर बहुधा कपाटाच्या वर किंवा दारावरच्या माळ्याजवळ बसवलेला असतो, त्यामुळे तो उलटा करून बघायचा मोह होतो. फायबरचं कनेक्शन असेल तर हे करू नका. फायबरची ती बारीक वायर जोरात दुमडली किंवा ओढली गेली तर नेट जातं, 'लॉस' लिहिलेला दिवा लाल होतो आणि मग दुरुस्तीवाल्याची वाट बघत बसावं लागतं. त्यापेक्षा फोन राउटरच्या खाली सरकवून फोटो काढा आणि फोटो मोठा करून वाचा. अक्षरं इतकी बारीक असतात की चष्मा लावूनही फोटोच बरा पडतो.

स्टिकरवर एस, एस, आय, डी ही चार इंग्रजी अक्षरं शोधा. नेटवर्कच्या नावाला तांत्रिक भाषेत एसएसआयडी म्हणतात. काही राउटरवर तिथे 'वायफाय नेम' असं सरळ लिहिलेलं असतं. त्याच्याजवळ 'पासवर्ड', 'की' किंवा 'डब्ल्यूपीए की' लिहिलेलं असतं, तो पासवर्ड. त्याच स्टिकरवर 'यूजरनेम' म्हणून 'ॲडमिन' असा शब्दही असू शकतो. तो राउटरच्या आतल्या सेटिंगसाठी आहे, वायफायचं नाव नव्हे. 'मॅक' लिहिलेले बारा अंक-अक्षरांचे आकडेही सोडून द्या.

आता अडचण अशी की स्टिकरवर असतं ते कारखान्यातलं नाव. कनेक्शन द्यायला आलेल्या मुलाने "नाव काय ठेवू?" असं विचारलं असेल आणि तुम्ही आडनाव सांगितलं असेल, तर स्टिकरवरचं नाव यादीत दिसणारच नाही. अशा वेळी बिलाच्या फाइलमध्ये, राउटरच्या खोक्यावर किंवा राउटरशेजारच्या भिंतीवर पेनने लिहिलेलं काही सापडतं का ते बघा. आमच्याकडे ते इलेक्ट्रिक मीटरच्या पेटीच्या दारावर आतून लिहिलेलं निघालं होतं.

स्टिकरही उपयोगी पडलं नाही, तर स्विच बंद करा

सगळ्यात खात्रीचा उपाय मला हाच वाटतो, आणि त्याला काहीही वाचावं लागत नाही. फोन हातात घेऊन राउटरजवळ उभ्या राहा किंवा उभे राहा. दिसणाऱ्या नावांच्या यादीचा स्क्रीनशॉट काढा. मग राउटरचा स्विच बंद करा. मिनिटभर थांबा, फोनचं वायफाय एकदा बंद करून पुन्हा चालू करा आणि यादी परत बघा. जे नाव नाहीसं झालं, ते तुमचं. राउटर पुन्हा चालू केल्यावर काही मिनिटांत तेच नाव परत आलं की शंकेला जागा नाही.

आत्याला मी फोनवरून हेच करायला लावलं. पहिल्यांदा एकही नाव गेलं नाही. "स्विच तर बंद केलाय गं," ती म्हणाली. मग लक्षात आलं, राउटरला मिनी यूपीएस लावलेला आहे. भिंतीवरचा स्विच बंद केला तरी राउटर बॅटरीवर चालूच. यूपीएसमधून राउटरला जाणारी पिन काढायला सांगितली, आणि अकरातली दोन नावं गेली.

दोन, कारण बऱ्याच राउटरची दोन नावं असतात. एक २.४ गिगाहर्ट्झचं, दुसरं ५ गिगाहर्ट्झचं. दुसऱ्याच्या शेवटी बहुधा '५जी' लिहिलेलं असतं. याचा मोबाइलच्या ५जी सेवेशी संबंध नाही, इथे 'जी' म्हणजे गिगाहर्ट्झ. २.४ भिंतींपलीकडे जास्त लांब पोचतं, ५ जवळून वेगवान चालतं. टीव्ही राउटरच्याच खोलीत असेल तर ५ घ्या, आतल्या खोलीत असेल तर २.४. वायफायवर चालणारे बल्ब आणि प्लग बहुतेक वेळा फक्त २.४ वरच जोडले जातात, त्यामुळे ते ५ चं नाव दाखवतच नाहीत.

घरात रेंज वाढवायला एक्स्टेंडर लावला असेल तर त्याचं वेगळं नाव यादीत राहू शकतं. 'डायरेक्ट' या इंग्रजी शब्दाने सुरू होणारं नाव दिसलं तर ते बहुधा कुणाच्या तरी प्रिंटरचं किंवा टीव्हीचं असतं.

नाव यादीत दिसतच नसेल तर

काही घरांत नाव मुद्दाम लपवून ठेवलेलं असतं. मग 'ॲड नेटवर्क' मध्ये जाऊन ते हाताने टाइप करावं लागतं, आणि तिथे लहान-मोठी इंग्रजी लिपी, मधली रिकामी जागा, आडवी रेघ मधोमध आहे की तळाला, हे सगळं जसंच्या तसं लागतं. नाव लपवल्याने सुरक्षा फारशी वाढत नाही; त्यापेक्षा पासवर्ड लांब ठेवा आणि नाव दिसू द्या.

नाव बदलायचं असेल तर मराठीतही ठेवता येतं, पण त्याला ३२ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूणही सहसा ३ बाइट घेते, म्हणजे जास्तीत जास्त दहा चिन्हं. 'सावंतवाडी' नऊ चिन्हांत बसतं, 'रत्नागिरीचं घर' बसत नाही. जुन्या प्रिंटरवर देवनागरी नीट दिसेलच असं नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. आणि नावात फ्लॅटचा नंबर घालू नका. ते नाव रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही फोनवर दिसतं.

राउटर बदलायची वेळ आली तर नव्यालाही जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड अगदी तसाच द्यायला सांगा. फोन, टीव्ही, प्रिंटर बहुधा आपापले जोडले जातील. आत्याने आता डायरीत पासवर्डच्या वरच्या ओळीत नाव लिहून ठेवलंय, दोन्ही नावं, आणि कोणतं कुठल्या खोलीसाठी तेही.